नाटकाच्या अभ्यासाचे शब्द : ‘नेपथ्य बोलतं कसं?’

मुखसंधी

गेल्या आठवड्यात वर्गात ‘शाकुंतल’चा चौथा अंक भाषांतरातून वाचत होतो. अनसूया आणि प्रियंवदा फुलं वेचताहेत, आणि मध्येच कंसात येतं : (नेपथ्यात). लगेच दुर्वासांचा शाप. वाचणारा मुलगा तिथे थांबला आणि म्हणाला, “मॅडम, नेपथ्य बोलतं कसं? नेपथ्य म्हणजे सेट ना?”

वर्गातल्या निम्म्यांना तीच शंका होती. आणि तसं पाहिलं तर त्याचं चुकलंही नव्हतं. आज जाहिरातीत ‘नेपथ्य’ म्हणून जे नाव छापतात ते सेट करणाऱ्याचं असतं. संस्कृत नाटकात मात्र नेपथ्य म्हणजे पडद्यामागची जागा, जिथे नट रंग लावतात, वेश चढवतात ते नेपथ्यगृह. वेशभूषेलाही नेपथ्य म्हणत. तिथून आवाज आला म्हणजे बोलणारं माणूस प्रेक्षकाला दिसत नाही, फक्त ऐकू येतं.

आता तेवढा अर्थ घेऊन तोच प्रसंग परत वाचा. दुर्वास त्या नाटकात एकदाही रंगमंचावर येत नाहीत. सात अंकांचं नाटक ज्या शापावर फिरतं, तो देणारा माणूस आपल्याला दिसतच नाही. शकुंतला स्वतःच्या विचारात इतकी बुडालेली आहे की तिला शाप ऐकू येत नाही. ऐकलाय तो दोन मैत्रिणींनी आणि आपण प्रेक्षकांनी. मैत्रिणी ठरवतात की ही गोष्ट आपल्या दोघींतच ठेवायची. म्हणजे पाचव्या अंकात शकुंतला दुष्यंतासमोर उभी राहते तेव्हा शापाची गोष्ट त्या दोघांनाही माहीत नसते, आणि समोर बसलेल्या प्रत्येकाला माहीत असते. एका कंसातल्या शब्दात हे सगळं साठवलेलं आहे.

मुलं माझ्याकडे येतात तेव्हा त्यांच्याकडे पन्नास-साठ व्याख्या पाठ असतात. संवाद म्हणजे अमुक, संघर्ष म्हणजे तमुक. पण नाटकाचं एक पान पुढे ठेवून ‘यात काय काय दिसतं, दाखव’ म्हटलं की पेन्सिल हलत नाही. मला वाटतं, चूक शिकवण्यातच होते. नाटकाचे बरेचसे शब्द हा मुळात ऐकू येण्याचा हिशेब आहे : कोण बोलतंय, ते कुणाला ऐकू जातंय, आणि कुणाला नाही. शब्द या बाजूने धरला की तो लक्षात राहतो आणि पानावर सापडतोही.

सुरुवात म्हणून दोन जोड्या देते.

संहिता आणि प्रयोग. संहिता म्हणजे लिहिलेलं नाटक, प्रयोग म्हणजे प्रेक्षकांसमोर झालेलं. मराठीत आपण सहज म्हणतो, ‘आज दुपारचा प्रयोग आहे.’ हा शब्द मला फार आवडतो. प्रयोग म्हणजे वापरून, करून पाहणं. तो दर वेळी नव्याने होतो. संहितेबद्दलचं विधान आणि प्रयोगाबद्दलचं विधान एकाच वाक्यात मिसळणं ही उत्तरपत्रिकेतली सगळ्यात मोठी गल्लत. ‘नायिका पांढऱ्या साडीत आहे, हे वैधव्याचं प्रतीक’ असं लिहिण्याआधी पाहा : साडी नाटककाराने लिहिली आहे, की तुम्ही पाहिलेल्या प्रयोगात वेशभूषाकाराने निवडली आहे?

अंक आणि प्रवेश. अंक म्हणजे नाटकाचा मोठा भाग आणि प्रवेश म्हणजे त्यातला छोटा, एवढं सगळ्यांना येतं. पण ‘प्रवेश’ हाच शब्द का? फ्रेंच अभिजात नाटकांच्या छापील प्रतींमध्ये रंगमंचावर कुणी आलं किंवा गेलं की नवा प्रवेश सुरू होतो, जागा तीच असली तरी. इंग्रजी परंपरेत साधारणपणे जागा किंवा वेळ बदलली की प्रवेश बदलतो. मराठीत आपण बहुतेक वेळा दुसरी पद्धत वापरतो, पण शब्द मात्र माणसाच्या येण्याचा आहे. अभ्यासाला बसताना एकदा फ्रेंच पद्धतीने पान तोडून पाहा. कोण आल्यामुळे बोलणं बदललं आणि कोण गेल्यामुळे खरं बोलणं सुरू झालं, हे त्या खुणांमध्ये लगेच दिसतं.

इथे नाटकात काम करणारे, शिकवणारे, शिकणारे बरेच जण आहेत. तुमच्याकडचे शब्द लिहा. व्याख्या नको, तो शब्द पानावर किंवा रंगमंचावर कुठे सापडतो ते सांगा.

पडद्यामागे

धागा काढल्याबद्दल आभार. मी बॅकस्टेज करतो, पुस्तकी शब्द फार येत नाहीत. पण रंगसूचनेबद्दल लिहायलाच हवं, कारण अभ्यास करणारी मुलं कंसातला मजकूर गाळून वाचतात, आणि आमचं सगळं काम त्या कंसातच असतं.

पहिली गोष्ट, डावं-उजवं. रंगमंचाचं उजवं म्हणजे प्रेक्षकाकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाचं उजवं. प्रेक्षकातून पाहाल तर ते तुमच्या डाव्या हाताला येतं. मी नवीन असताना संहितेत ‘उजवीकडे खुर्ची’ वाचलं आणि प्रेक्षकातून पाहून उजवीकडे ठेवली. ब्लॅकआउटमध्ये नट आपल्या सवयीच्या जागी बसायला गेला आणि खाली आपटला. प्रयोग पुढे चालू राहिला, त्याने ते पडणं भूमिकेतच सामावून घेतलं, पण नंतर त्याचं ढोपर पाहून मला दोन रात्री झोप आली नाही. तेव्हापासून नवीन येणाऱ्याला मी आधी मधोमध उभा करतो, प्रेक्षकाकडे तोंड करायला सांगतो आणि मग विचारतो, तुझा उजवा हात कुठे आहे?

दुसरी, अप आणि डाउन. प्रेक्षकाजवळचा भाग डाउन, मागचा भाग अप. नवीन मुलं विचारतात की सगळं तर सपाट आहे, मग वर-खाली काय? जुन्या युरोपीय नाट्यगृहांत रंगमंच उताराचा असे, मागे उंच आणि प्रेक्षकाकडे उतरता. मागे जाणं म्हणजे खरोखर चढून जाणं होतं. आता उतार गेला, शब्द राहिला. आणि त्यातच एक खोच आहे. मागे उभा असलेला नट बोलायला लागला की पुढच्याला त्याच्याकडे वळावं लागतं, म्हणजे प्रेक्षकाकडे पाठ करावी लागते. नटांच्या जागा आणि हालचाली ठरवणं, म्हणजे ब्लॉकिंग, यात दिग्दर्शकाचा निम्मा वेळ जातो तो अशा गोष्टींवर.

तिसरी, लपलेली रंगसूचना. सगळ्या सूचना कंसात नसतात. एक पात्र म्हणतं, ‘हात किती थरथरतोय तुझा!’ कंसात काही लिहिलेलं नाही, पण समोरच्या नटाचा हात त्या वाक्याच्या आधीपासून थरथरत असायला हवा. म्हणजे वाक्य एकाचं आणि सूचना दुसऱ्यालाच. शेक्सपिअरच्या नाटकांत कंसातल्या सूचना फार थोड्या आहेत, बाकी सगळं असं संवादांत पेरलेलं.

आमच्या वहीत आणखी एक शब्द सतत असतो, क्यू. दिवा जाणं, आवाज येणं, एन्ट्री, जे काही घडायचं ते कोणत्या शब्दावर घडायचं, तो शब्द म्हणजे क्यू. ही वही मी पेन्सिलनेच लिहितो, कारण रंगीत तालमीपर्यंत सगळं बदलत असतं.

नवा_प्रेक्षक

‘नेपथ्य म्हणजे सेट ना’ विचारणारा मीच. मॅडमनी धाग्याचं सांगितलं म्हणून इथे खातं उघडलं.

मला स्वगत, जनांतिक, अपवारित आणि आकाशभाषित या चारांत दर वेळी गोंधळ होतो. व्याख्या पाठ आहेत, पण परीक्षेत उतारा आला की स्वगतच लिहून मोकळा होतो. आणि इंग्रजी नाटकांच्या टिपांमध्ये ‘सॉलिलक्वी’ आणि ‘असाइड’ असे दोन शब्द आहेत, ते यांतले कोणते?

मुखसंधी

@नवा_प्रेक्षक, बरं झालं विचारलंस. इथे ऐकू येण्याचा हिशेब अगदी सरळ लागू पडतो.

रंगमंचावर तीन माणसं उभी आहेत असं धर : क, ख आणि ग.

क काहीतरी बोलतो आणि ते ख-ग दोघांनाही ऐकू जात नाही, फक्त प्रेक्षकांना जातं. ते स्वगत. जुन्या मराठी नाटकांत त्याआधी ‘(मनाशी)’ किंवा ‘(स्वगत)’ असतं, आणि मग तो पुन्हा सगळ्यांशी बोलायला लागला की ‘(उघड)’. संस्कृतात त्या ‘उघड’ला ‘प्रकाशम्’ म्हणतात. या ‘उघड’कडे मुलं पाहतच नाहीत. माणूस मनाशी काय म्हणाला आणि लगेच उघड काय म्हणाला, या दोन ओळींमधल्या फटीत त्याचा स्वभाव सापडतो.

क आणि ख एकमेकांशी बोलतात, ग तिथेच उभा असून त्याला ऐकू जात नाही. ते जनांतिक. नट त्रिपताका हात धरतो, म्हणजे अनामिका वाकवलेली आणि बाकीची बोटं सरळ, आणि त्या हाताच्या आडून बोलतो. ती बोटं हीच भिंत. मराठी नाटकांत ‘(एकीकडे)’ लिहिलेलं बऱ्याचदा दिसतं, पण ते स्वगतासाठीही वापरलंय आणि जनांतिकासाठीही. तेव्हा शब्दावर विसंबू नको, ऐकणारं कोण आहे ते पाहा.

अपवारितात क वळून, पाठमोरा होऊन, ख ला गुपित सांगतो. जनांतिकाला फार जवळचं आहे. फरक आहे तो वळण्यात आणि गुपित एकालाच सांगण्यात.

आकाशभाषितात समोर कुणी नसतंच. नट वर पाहून म्हणतो, ‘काय म्हणतोस? मी उशिरा आलो?’ आणि मग स्वतःच उत्तर देतो. न दिसणाऱ्या माणसाचं वाक्य आपल्याला त्याच्याच तोंडून कळतं. ‘भाण’ नावाचा रूपकप्रकार, म्हणजे संस्कृत नाटकाचा एक प्रकार, एकटा नट करतो, तो सगळा यावर उभा असतो. टेलिफोनवर बोलणारं पात्र रंगमंचावर पाहिलं की मला हमखास भाण आठवतो.

आता इंग्रजीचं. असाइड म्हणजे बाकीचे हजर असताना बाजूला टाकलेली ओळ, आपल्या स्वगताच्या आणि जनांतिकाच्या हद्दीतली. सॉलिलक्वी म्हणजे रंगमंचावर एकटं असताना, किंवा एकटं आहोत असं समजून केलेलं लांब भाषण, मराठीत स्वगतभाषण. आणि कुणाला तरी उद्देशून केलेलं लांब, अखंड भाषण ते एकभाषित, म्हणजे मोनोलॉग. लांबी पाहून ठरवू नको, ऐकणारा पाहून ठरव.

अर्थशोध

चांगली चर्चा. माझा विषय ग्रीक नाटक, म्हणून तिकडच्या दोन-तीन शब्दांबद्दल लिहितो. ते आपण मराठीत आणताना थोडे वाकवले आहेत.

शोकांतिका की शोकात्मिका? बोलताना सगळे शोकांतिका म्हणतात. पण या शब्दाने नाटकाचा शेवट दुःखात होतो असं आधीच ठरवून टाकलं. ग्रीक नाटककार एस्किलसची ‘ओरेस्टिया’ ही तीन नाटकांची मालिका इ.स.पू. ४५८ मध्ये झाली. तिच्या तिसऱ्या नाटकाच्या शेवटी सुडाच्या देवतांना शांत केलं जातं, त्यांना नगरात मानाचं स्थान मिळतं आणि मिरवणूक निघते. ग्रीकांच्या दृष्टीने तीही शोकात्मिकाच. शोक हा नाटकाचा पिंड आहे, शेवट नव्हे. म्हणून अभ्यासात मी ‘शोकात्मिका’ धरतो, आणि जोडीला ‘सुखात्मिका’.

हॅमार्शिया. याचं भाषांतर ‘शोकात्म दोष’ किंवा ‘स्वभावदोष’ असं करतात आणि मग विद्यार्थी प्रत्येक नायकात एखादा दुर्गुण शोधायला निघतात. सोफोक्लिसच्या नाटकातला राजा ईडिपस रागीट आहे, झालं, सापडला दोष! मूळ शब्दाचा अर्थ आहे नेम चुकणं. फेकलेला भाला लक्ष्याला लागला नाही, ते हॅमार्शिया. बापाला मारशील आणि आईशी लग्न करशील, हे भाकीत ऐकून ईडिपस ज्यांना आई-वडील समजतो त्यांना टाळण्यासाठी कॉरिंथ सोडतो आणि खऱ्या आई-वडिलांकडेच जाऊन पोहोचतो. हा दुर्गुण नाही, अज्ञानात चुकलेला नेम आहे. मी ‘प्रमाद’ म्हणतो.

कथार्सिस. ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेची व्याख्या केली तिथे करुणा आणि भीती यांच्या संदर्भात हा शब्द येतो, पण तिथे त्याचा अर्थ उलगडून सांगितलेला नाही. वैद्यकातला अर्थ घेतला तर विरेचन, म्हणजे साचलेलं बाहेर टाकणं. धार्मिक अर्थ घेतला तर शुद्धी. काही अभ्यासक तर ‘भावना स्पष्ट होणं’ असाही घेतात. उत्तर लिहिताना तुम्ही कोणता अर्थ घेताय ते आधी लिहा. नुसतं ‘कथार्सिस होतं’ लिहिलं तर काहीच लिहिलं नाही.

कलाटणी आणि अभिज्ञान या जोडीला उत्तम उदाहरण ॲरिस्टॉटलनेच दिलंय. कॉरिंथहून दूत येतो तो ईडिपसची भीती घालवायला : ‘ते तुझे खरे आईबाप नव्हतेच.’ आणि त्याच वाक्याने सगळं उलटतं. धीर द्यायला आलेल्या माणसाच्या तोंडूनच घात होतो, ही कलाटणी. आपण कोण आहोत हे त्यातून कळतं, ते अभिज्ञान. ‘अभिज्ञानशाकुंतल’ या नावात हाच शब्द बसलेला आहे, तिथे ओळख अंगठीने पटते.

पडद्यामागे

@अर्थशोध, हे वाचून एक विचारावंसं वाटतं. ‘नाट्यगत उपरोध’ म्हणतात तो यातलाच ना? मला त्या शब्दाने नेहमी वाटायचं की कुणीतरी कुणाला तरी टोमणा मारतंय.

अर्थशोध

तुमची शंका रास्त आहे. ‘उपरोध’ने खरोखरच दिशाभूल होते, कारण इथे टोमणा कुणीच मारत नाही. पात्राला जे माहीत नाही ते प्रेक्षकाला माहीत असतं, आणि त्यामुळे पात्राच्या साध्या वाक्याला दुसरा अर्थ चिकटतो. ईडिपस राजा म्हणून भर लोकांत जाहीर करतो की आधीच्या राजाच्या खुन्याला मी शोधून काढीन, त्याचं वाटोळं होवो. तो खुनी तो स्वतः आहे. त्याच्या दृष्टीने ती न्यायाची घोषणा, आपल्या कानांना मात्र तो स्वतःलाच दिलेला शाप. मुखसंधी म्हणाल्या तोच हिशेब : बोलतो एक, पण ऐकणाऱ्यांपैकी कुणाला किती कळतं ते वेगवेगळं.

तिसरी_विंग

इतका वेळ नुसती वाचत होते. मी अभिनय करते, मला इथे न आलेला शब्द सांगायचा आहे : सबटेक्स्ट. मराठीत ‘अंतर्गत आशय’ वगैरे लिहितात, पण तालमीत आम्ही सबटेक्स्टच म्हणतो.

तुम्ही ऐकू येणाऱ्याचा हिशेब मांडताय, आणि हा शब्द आहे न बोललेल्याचा. चेखव्हचं ‘चेरी ऑर्चर्ड’ १९०४ मध्ये मॉस्को आर्ट थिएटरने पहिल्यांदा केलं. त्याच्या चौथ्या अंकात लोपाखिन आणि वार्या यांना मुद्दाम एकटं सोडलेलं आहे. त्याने तिला मागणी घालायची, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. तिलाही. ती येते आणि सामानात काहीतरी शोधत राहते. तो विचारतो काय शोधतेस, ती म्हणते मीच ठेवलं होतं आणि आता आठवत नाही. मग इकडचं तिकडचं. तो म्हणतो, थंडी आहे, शून्याखाली तीन अंश. ती म्हणते, पाहिलं नाही. विराम. आणि आमचा थर्मामीटर मोडलाय.

बस्स. बाहेरून कुणीतरी त्याला हाक मारतं, तो जणू त्या हाकेचीच वाट पाहत होता असा ‘आलो’ म्हणून निघून जातो. ती जमिनीवर बसते, बोचक्यावर डोकं टेकते आणि हलकेच रडते.

हे मी तालमीत वार्या म्हणून करत होते तेव्हा थर्मामीटरच्या वाक्यात रडवेला सूर लावायचे. दिग्दर्शक म्हणाले, “थर्मामीटर खरंच मोडलाय. तेवढंच सांग.” आठवडा गेला ते जमायला. शब्दात भावना भरली की खालचा आशय मरतो. ती माणसं मोडलेल्या थर्मामीटरबद्दलच बोलत राहिली पाहिजेत, तरच मोडलेलं काय आहे ते प्रेक्षकाला ऐकू येतं.

म्हणून अभ्यास करणाऱ्यांना माझी विनंती : ‘विराम’ हा शब्द गाळू नका. पॉज म्हणजे रिकामी जागा नव्हे, तिथे कुणीतरी काहीतरी बोलायचं टाळलेलं असतं. प्रत्येक विरामाशेजारी पेन्सिलने ते न बोललेलं वाक्य लिहून पाहा.

मुखसंधी

@तिसरी_विंग, हे मी वर्गात वाचून दाखवणार आहे. आणि पाहा, तिथेही बाहेरून आलेली हाक आहे, नेपथ्यातली.

नवा_प्रेक्षक

आणखी एक विचारतो. आम्हाला कथानकाच्या रचनेसाठी जर्मन लेखक फ्रायटागचा त्रिकोण आहे : प्रास्ताविक, चढती क्रिया, उत्कर्षबिंदू, उतरती क्रिया, शेवट. आणि संस्कृतच्या पाच संधी, म्हणजे कथानकाचे टप्पे, आहेत : मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण. एका गाइडमध्ये दोन्हींचा तक्ता समोरासमोर दिलाय. मुख म्हणजे प्रास्ताविक, गर्भ म्हणजे उत्कर्षबिंदू, असं. ते बरोबर आहे का?

अर्थशोध

पाचाला पाच जुळतात म्हणून मोह होतो, पण मी जुळवणार नाही. फ्रायटागने १८६३ मध्ये हे मांडलं ते मुख्यतः पाच अंकी शोकात्मिका डोळ्यांसमोर ठेवून. त्याची आकृती शिखरावर चढते आणि विनाशाकडे उतरते. संधींची वाट फळाकडे जाते. शेवटी फलागम, म्हणजे नायकाला हवं ते मिळणं.

मुखसंधी

सहमत. त्यात एक भर. गर्भसंधीत बीज, म्हणजे ज्यातून पुढे फळ मिळतं तो कथेचा मूळ धागा, सापडतं, हरवतं, पुन्हा शोधलं जातं. तो एक बिंदू नाही, मागे-पुढे होणारी लाट आहे. आणि विमर्शात अडथळा येतो, बऱ्याचदा कुणाच्या तरी रागातून. तक्त्यात हे मावत नाही. त्यापेक्षा एकच नाटक घे आणि आधी संधी लावून पाहा, मग त्रिकोण. कुठल्या चौकटीत नाटकाचं काय बाहेर राहतं, ते लिही. ते उत्तर वाचायला मला आवडेल.

(माझं इथलं नाव मुखसंधी, कारण बीज पेरलं जातं ते तिथे.)

तिसरी_विंग

एक मतभेद नोंदवते. हल्ली समीक्षेत सरसकट लिहितात, ‘सूत्रधार प्रेक्षकांशी बोलून चौथी भिंत मोडतो.’ मला हे खटकतं. भिंत असेल तर मोडणार ना?

अर्थशोध

अगदी. चौथ्या भिंतीची कल्पना फ्रेंच लेखक दिदरोने १७५८ मध्ये स्पष्ट शब्दांत मांडली : रंगमंचाच्या कडेला मोठी भिंत आहे, पडदा उघडलाच नाही, असं समजून अभिनय करा. पुढे वास्तववादी नाटकाने ती भिंत पक्की बांधली. सूत्रधार तिच्या कितीतरी शतकं आधीचा. नांदीनंतर तो येतो, नटीशी बोलतो, आज कोणतं नाटक करायचं ते प्रेक्षकांना सांगतो. त्याच्यासाठी ती बाजू उघडीच होती.

जर्मन नाटककार ब्रेख्तचं मात्र वेगळं. त्याच्यापुढे भिंत होती आणि त्याने ती जाणूनबुजून पाडली. मे लानफांग या चिनी नटाचं काम त्याने १९३५ मध्ये मॉस्कोत पाहिलं आणि त्यावर लिहिताना दुराव्याच्या परिणामाची कल्पना मांडली. ओळखीची गोष्ट अनोळखी करून दाखवायची, म्हणजे प्रेक्षक वाहून न जाता विचार करील. बाहेरून सूत्रधार आणि ब्रेख्तचा निवेदक सारखे दिसतात, दोघेही थेट आपल्याशी बोलतात. पण एक आपल्याला नाटकात घेऊन जातो, दुसरा त्यातून अधूनमधून बाहेर काढतो.

पडद्यामागे

अवांतर होईल, पण सांगतो. तिसरी घंटा झाली की आम्ही विंगेत उभे असतो आणि प्रेक्षकांची कुजबुज हळूहळू विरते. त्या वेळी भिंत असते की नसते, मला सांगता येणार नाही. पण तिकडून खोकला आला तरी इकडचा नट वाक्य एक श्वास थांबवतो. वास्तववादी नाटकातसुद्धा.

नवा_प्रेक्षक

मॅडमनी सांगितलेलं करून पाहिलं, थोडं वेगळं. इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाउस’चं (१८७९) शेवटचं पान घेतलं आणि प्रत्येक ओळीपुढे ‘कुणाला ऐकू गेलं’ ते लिहीत गेलो.

नोरा घर सोडून जाते, दिवाणखान्याच्या दारातून बाहेर पडते. हेल्मर खुर्चीत कोसळतो, तिला हाका मारतो. इथे मी आधी ‘नोराला’ लिहिलं, मग खोडलं, कारण ती गेलेली आहे. मग तो उठतो, इकडेतिकडे पाहतो, ‘रिकामं’ म्हणतो. हे फक्त प्रेक्षकाला, म्हणजे स्वगत. मग त्याला एकदम आशा वाटते, तिनेच मघाशी म्हटलेला त्या सगळ्यात मोठ्या चमत्काराचा शब्द तो उच्चारतो. आणि मग कंसात येतं की खालून दार बंद झाल्याचा आवाज येतो. नाटक संपलं.

म्हणजे नोराचं शेवटचं बोलणं तिच्या शेवटच्या वाक्यात नाहीच. ते नेपथ्यातून येतं. या पानावर हेल्मर आणि प्रेक्षक दोघांनाही सारखंच ऐकू गेलेलं, तो एकटा असतानाचं, ते एकच. पुढच्या रकान्यात मी ‘दोघांनाही’ लिहिलंय.

फक्त एक अडलंय. नोरा गेल्यावर त्याने मारलेल्या हाका स्वगतात धरायच्या का? तो स्वतःशी बोलत नाहीये, तिच्याशीच बोलतोय. पण ऐकणारं कुणी नाही.

मुखसंधी

तो रकाना रिकामाच ठेव. उद्या वर्गात त्या हाका मोठ्याने वाचू, तू हेल्मर वाच. दाराचा आवाज मी बाहेर व्हरांड्यात जाऊन करते.